हरणाच्या तोंडातली डहाळी

सेवेरिन चोराला कसा धरायचा, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाला पटायचं नाही. मालकाच्या शिकारीच्या रानात परका माणूस दिसला की दुसरे राखे बंदूक रोखतात, कुत्रं सोडतात, आईबहिणीचा उद्धार करतात. सेवेरिन त्याच्या शेजारी जाऊन बसायचा. खरंच सांगते, बसायचा. तंबाखूची पिशवी काढायचा, आपला पाइप भरायचा आणि मग पिशवी त्याच्यापुढे धरायचा. मग सेवेरिन हलकेच त्याच्या बंदुकीचा बोल्ट काढून स्वतःच्या खिशात टाकायचा आणि म्हणायचा, "रविवारी प्रार्थना सुटली की घरी ये, घेऊन जा. सूप तयार असेल."

ते सूप हीच शिक्षा होती, कारण वाढायला त्याची बायको बुर्गल असायची. "ये, ये, चोरा, बस. मांस नाही हं सूपमध्ये, ते तू नेलंस. तुझ्या आईला माहीत आहे का आज तू कुठं जेवतोयस ते? नाही? मग मीच सांगते, संध्याकाळी भेटणारच आहे ती." दांडगे दांडगे बाप्ये मान खाली घालून वाटी चाटून पुसून निघायचे आणि पुन्हा त्या उताराकडे फिरकायचे नाहीत. मी शेजारच्या शिकारबंगल्यात स्वयंपाकाला आहे. आमचं दोघींचं अंगण एकच, त्यामुळे यातला शब्द न् शब्द मी ऐकलेला आहे.

लोक म्हणायचे, सेवेरिन मवाळ आहे. मवाळ नव्हता. त्यानं शब्द दिला होता.

त्याच्या आधी हे रान बुर्गलचा बाप राखायचा, म्हातारा कायेतान. तो ताठ होता, शिकारीचा एकेक रिवाज पाळणारा, चुकलं की मालकाच्या पाहुण्यालाही सुनावणारा. लढाईच्या आधी एका धुक्याच्या सकाळी त्यानं लोइस नावाच्या लाकूडतोड्याला गोळी घातली. लोइसच्या पाठीवर हरीण होतं, हातात बंदूक होती, त्यामुळे कोर्टानं कायेतानला काही केलं नाही. जे करायचं ते गावानं केलं. खाणावळीत तो बाकावर बसला की बाकीचे आपापले पेले उचलून उठायचे. कुणी वाईट बोललं नाही, नुसते उठायचे. बुर्गल त्या घरात वाढली. सेवेरिननं तिला मागणी घातली तेव्हा तिनं दागिना मागितला नाही, घर मागितलं नाही. म्हणाली, "माणसावर गोळी झाडणार नाहीस असं सांग. काहीही झालं तरी." त्यानं सांगितलं. मी तिथंच दूध गाळत होते.

पुढे कायेतानला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय ओढू लागला, वाचा गेली. दिवसभर शेगडीलगतच्या बाकावर बसून असायचा, गुडघ्यांवर हात ठेवून. बुर्गल त्याला भरवायची, त्याची बोटं पुसायची. बोटांना राळ लागलेली असायची, पण शेगडीपाशी जळण असतं आणि म्हाताऱ्याला लाकडं चाचपायची सवय, म्हणून त्याचं कुणाला काही वाटलं नाही. कुणी धरल्याशिवाय म्हाताऱ्याला अंगण ओलांडता येत नाही असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

आता डहाळीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे हरीण पडलं की त्याला तसंच टाकत नाहीत. उजव्या कुशीवर निजवतात, म्हणजे काळजाची बाजू वर येते. स्प्रूस या सूचीपर्णी झाडाची एक डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवतात. तो त्याचा शेवटचा घास. दुसरी डहाळी जखमेवर. मग टोपी काढून क्षणभर उभं राहायचं. याच पुरुषांना बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण मेलेल्या जनावराच्या तोंडात डहाळी ठेवायला एकजण विसरेल तर शपथ. मात्र हे करतो तो शिकारी. चोर करत नाही. चोराला घाई असते.

त्या शरद ऋतूत नर माजावर आले, त्यांचं हंबरणं सकाळ-संध्याकाळ दरीत घुमायला लागलं आणि सेवेरिनला घराच्या मागच्या उतारावर पहिली हरणी सापडली. उजव्या कुशीवर निजवलेली. तोंडात ताजी डहाळी. अंगावर डहाळी. गोळीची जखम कुठेच नाही. मानेवरचे केस बाजूला केले तेव्हा बारीक लाल रेघ दिसली, म्हणजे तारेचा फास. पण तार गायब होती, आणि मांसाला कुणी हात लावला नव्हता.

"मावशी, मांसासाठी फास लावतात," तो माझ्या ओट्यापाशी येऊन म्हणाला. "मांस ठेवून तार घेऊन जाणारा चोर ऐकलायस कधी?"

"असेल कुणी वेडा."

"वेड्याला शेवटचा घास माहीत नसतो. अगदी बरोबर ठेवलाय. माझ्यापेक्षा बरोबर."

त्यानंतर दुसरी सापडली, मग एक पाडस. प्रत्येक वेळी तसंच, नीट निजवलेलं, डोळे मिटलेले. आणि प्रत्येक वेळी घराच्या थोडं अधिक जवळ. पाडसाच्या जागेवरून तर बुर्गलचे वाळत घातलेले कपडे दिसत होते. मी स्वतः जाऊन पाहिलं. त्याच्या तोंडातली डहाळी एवढीशी होती, कुणीतरी पाडसाच्या मापाची शोधून घेतलेली. क्रूर माणसाची भीती वाटते ती वेगळी. इथं कुणीतरी फार मायेनं वागत होतं, आणि ते कोण हे कळत नव्हतं.

गावात बोलायला हेच पुरलं. खाणावळीत कुणीतरी म्हणालं, लोइस परत आलाय, ज्या उतारावर पडला तिथंच फिरतोय. दुसरा म्हणाला, "काय सेवेरिन, रविवारी सूप प्यायला बोलावलंस की नाही त्याला?"

"बोलावीन की," सेवेरिन म्हणाला. "आधी त्याला पाय आहेत का ते बघतो."

लोक हसले. तोही हसला. पण दोन दिवसांनी पाऊस पडला आणि पाय आहेत हे कळलं. ओल्या मातीत खिळ्यांच्या बुटांचे ठसे उमटले होते. आमचा चांभार प्रत्येकाच्या टाचेला खिळे वेगळे मारतो, त्यामुळे दरीतल्या कुणाचाही ठसा सेवेरिन ओळखायचा. तो खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. ठसा त्याचा स्वतःचा होता. त्याच्या उजव्या टाचेच्या आतल्या बाजूचा एक खिळा गळालेला होता, त्याची जागा ठशातही रिकामी होती.

जुने बूट! ईस्टरला नवे घेतल्यापासून जुने लाकडांच्या खोपटात टांगलेले असत, गोठ्यात घालायला. तो धावत आला. बूट आपल्या खुंटीला होते, कोरडे, आत गवत कोंबलेलं. ओले बूट आकसू नयेत म्हणून गवत कोंबतात. त्याला वाटलं, बुर्गलनं कोंबलं असेल. बुर्गलला वाटलं, त्यानं. नवरा-बायकोत असं होतंच, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केलं, आणि विचारत कुणीच नाही.

तेव्हापासून सेवेरिन स्वतःलाच भिऊ लागला. एका सकाळी मी कणीक मळत होते, तर दारात उभा. दाढी वाढलेली.

"मावशी, माणूस झोपेत चालतो ते ठीक. झोपेत फास लावेल का गं?"

"वेडा आहेस का? झोपेत तुला स्वतःची विजार सापडायची नाही."

तो हसला नाही. घरी गेला आणि बुर्गलला सांगून निजायच्या खोलीच्या उंबऱ्यावर चुलीतली राख पसरून घेतली. सकाळी राख जशीच्या तशी होती, बोटही उमटलेलं नव्हतं. आणि फेरीवरून परतताना त्याला परसात, सरपणाच्या ढिगाच्या पलीकडे, आणखी एक हरणी निजवलेली दिसली. जाताना ती तिथं नव्हती.

त्यात मालकाचं पत्र आलं. आमचे मालक शहरात साबण करतात आणि वर्षातून एकदा पाहुणे घेऊन रानात येतात, नवेकोरे लोकरी कोट घालून, कोटाला अजून कपाटाचा वास. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. पाहुणे येण्याआधी तो माणूस पकडून द्यायचा, नाहीतर घर रिकामं करून दुसरीकडे काम बघायचं. एवढंच. बुर्गल त्याच घरात जन्मलेली. आणि शेगडीजवळचा म्हातारा कुठं न्यायचा? बुर्गल रडली नाही. भांडी मात्र इतक्या जोरात घासली की मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली.

"शब्दातून मोकळं करू का तुला?" तिनं सेवेरिनला विचारलं. हे तिनं मला नंतर सांगितलं.

"नको," तो म्हणाला. "तसं काही लागणार नाही. बसेन त्याच्याशेजारी."

दुसऱ्या दिवशी त्याला वरच्या घळीच्या तोंडाशी काठी दिसली. जमिनीत उभी रोवलेली, साल सोलून पांढरी केलेली, फक्त शेंड्याला हिरवा झुपका ठेवलेला. ही शिकाऱ्यांची खूण आहे. अर्थ एकच: थांब, पुढे धोका आहे. एका शिकाऱ्यानं दुसऱ्यासाठी लावायची.

सेवेरिनला तसं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. अंगणात उभा राहून तो ओरडत होता. "मला? माझ्याच रानात मला दटावतो? पुढे येऊ नकोस म्हणतो? माझे बूट, माझे रिवाज, आणि वर माझ्यावरच रखवाली!"

"अरे, पण खरंच काही धोका असेल तर?"

"धोका तोच आहे, मावशी. घळीत लपतो हे त्यानंच सांगितलं मला. मस्ती आलीय त्याला."

खरं तर ती खूण कुणीतरी लावली होती ती नेहमीच्या अर्थानं, अगदी सरळ. पण महिनाभर कुणी आपल्या बुटांतून फिरत असेल, तर सरळ गोष्टही सरळ वाटेनाशी होते.

पुढचं मी पाहिलेलं नाही. सेवेरिननं मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. उजाडण्याच्या सुमाराला तो घळीवरच्या मचाणाखाली जाऊन बसला. वर नाही चढला, कारण धुकं इतकं होतं की वरून जमीन दिसली नसती. नर हंबरायचे थांबले होते. बराच वेळ काही नाही. मग स्प्रूसांच्या मधे काहीतरी हललं. वाकलेलं, करडं, एक पाय ओढणारं. दोन पावलं टाकायचं, थांबायचं, खाली बसून जमीन चाचपायचं, पुन्हा उठायचं. ते माणसासारखं चालत नव्हतं आणि जनावरासारखंही नाही.

सेवेरिननं हाक मारली, "कोण आहे? थांब!" उत्तर नाही. पुन्हा मारली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा ते वळलं. त्याच्या हातात लांब, फिकट असं काहीतरी होतं, आणि ते त्यानं वर उचललं, आडवं, सेवेरिनच्या दिशेनं.

बंदूक उडाली.

"खाली नेम धरला होता, असं मी पोलिसांना सांगितलं," तो मला म्हणाला. "भीती घालायला. असेलही. मला आठवत नाही, मावशी. मी दिलेला शब्द त्या घटकेला माझ्यापाशी होता की नव्हता, हेच मला आठवत नाही."

धूर आणि धुकं एक झालं. त्यातून तो धावला. स्प्रूसच्या बुंध्याला टेकून म्हातारा कायेतान बसला होता. पायांत सेवेरिनचे जुने बूट. शेजारी साल सोललेली काठी पडलेली, खुणेची दुसरी. कोटाचे खिसे फुगलेले, आणि त्यातल्या एकातून तारेची गुंडाळी बाहेर आलेली. एक नाही, कितीतरी फास होते त्याच्या खिशांत. ते लावले होते खालच्या गिरणीतल्या दोघा भावांनी. पुढे पोलिसांनी त्यांना धरलं. म्हातारा रोज सगळी घराबाहेर पडली की, सेवेरिन फेरीला, बुर्गल दूध काढायला, लाकडांच्या खोपटाच्या दारानं निघायचा, फासातली मेलेली जनावरं सोडवायचा, ओढत ओढत घराकडे आणायचा जमेल तेवढी, निजवायचा, घास द्यायचा. घळीत फास दाट होते, म्हणून जावयासाठी खूण रोवली. मग परत येऊन बुटांत गवत कोंबून, खुंटीला टांगून, बाकावर बसायचा. अजून राखाच होता तो. त्याला कुणी रजा दिली आहे हे त्याला कळलंच नव्हतं.

गोळी मांडीच्या वर लागली होती, आणि रक्त थांबणारं नव्हतं. सेवेरिननं पट्टा सोडून आवळला. तो ओरडत होता, "बाबा, मी आहे, बाबा!" म्हाताऱ्यानं त्याचे हात बाजूला केले. शांतपणे, कामात अडथळा आल्यावर माणूस करतो तसे. मग त्यानं डावा हात वर करून डोक्याशेजारची डहाळी मोडली. ती आपल्या जखमेला पुसली. टोपी काढली, टोपीवर डहाळी ठेवली, आणि टोपी दोन्ही हातांत धरून सेवेरिनपुढे केली.

ज्यानं शिकार पाडली त्याला आम्ही अशीच देतो, रक्ताला लावून, टोपीवर ठेवून. घेणाऱ्यानं उजव्या हातानं घ्यायची आणि आपल्या टोपीत उजवीकडे खोवायची. नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर तो पडलेल्या जनावराचा अपमान. लहानपणापासून हाडीमांसी भिनलेलं असतं हे.

म्हाताऱ्याला झटक्यापासून एक अक्षर बोलता येत नव्हतं. आता तो स्वच्छ बोलला, "वाइडमान्सहाइल." अशा वेळी आमच्यात म्हणतात तेच, यश लाभलं म्हणून.

आणि सेवेरिननं डहाळी घेतली. त्याच्या तोंडून उलट आभारही निघाले, म्हणायचे तसेच. डोक्याला काही कळायच्या आधी हातानं घेतलं आणि जिभेनं म्हटलं. "तो माझ्याकडे बघत होता," सेवेरिन मला म्हणाला. "मी नीट खोवतो की नाही ते बघत होता. मग मान हलवली, बरोबर आहे म्हणून." त्यानंतर म्हातारा हळूच उजव्या कुशीवर कलंडला.

पुढे मालकांनीच वकील दिला, सेवेरिनला कुणी शिक्षा केली नाही, कायेतानला नव्हती केली तशीच. राखणीचं काम त्यानं आपण होऊन सोडलं. ते सगळं पुढचं. मला त्या सकाळच्या अंगणातून अजून बाहेर पडता येत नाही.

मी आणि बुर्गल दुधाच्या चरव्या घेऊन गोठ्यातून नुकत्याच येत होतो. गोळीचा आवाज आम्ही ऐकला होता. वर्षाला एक नर राख्याच्या हक्काचा असतो, हिवाळ्यापुरतं मांस, आणि तो अजून मारायचा राहिला होता. महिनाभरात बुर्गलच्या तोंडावर हसू पाहिलं नव्हतं मी. "ऐकलंस, मावशी? त्या भुताच्या नादात विसरलाच असेल असं वाटलं होतं," ती म्हणाली. तेवढ्यात धुक्यातून सेवेरिन उतरताना दिसला. एकटाच होता, अंगात कोट नव्हता. कोट म्हाताऱ्यावर पांघरून तो हातगाडी न्यायला आला होता. तोंड नीट दिसत नव्हतं. दिसत होती ती टोपी, आणि तिच्यात उजवीकडे खोवलेली ताजी, ओली डहाळी.

बुर्गलनं चरवी खाली ठेवली, ॲप्रनला हात पुसले आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाली, "वाइडमान्सहाइल, माझ्या राजा!"

तो थांबला. ती हसत वळली, स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि आतल्या शेगडीच्या खोलीकडे मोठ्यानं म्हणाली, "बाबा, ऐकलंत का? सेवेरिनला नर मिळाला!"

आतून उत्तर आलं नाही. तसंही ते कधीच येत नसे, म्हणून ती थांबलीही नाही. चरवी उचलून, ती तशीच हसत आत गेली.